चौथ्या नंबरची वाटी

मुलांनो, जरा डोळे मिटा. असं समजा, तुमच्या तळहातावर स्टीलची एक लहानशी वाटी आहे. नवी कोरी, अजून कुणी न वापरलेली. आता तिच्या काठाखाली बोट फिरवा. खरखरीत काहीतरी लागतंय ना? ते नाव आहे. भांड्यांच्या दुकानातल्या माणसाने बारीक छिन्नीने टिंब टिंब ठोकून घातलेलं. ते नाव तुमचं नाही. ज्याचं आहे, त्याच्या घरी ही वाटी तुम्हाला पोचवायची आहे, आणि तो मुलगा आता घरी नाही. तो कुठेच नाही.

उघडा डोळे. चला माझ्याबरोबर. दुपारची मधली सुट्टी झाली आहे, ऊन चढलंय, आणि पळसवाडीच्या शाळेच्या फाटकातून एक तरुण बाई पदराआड वाटी धरून बाहेर पडली आहे. ती मी.

पळसवाडी सातारा जिल्ह्यात, माणदेशाच्या अलीकडे. माळ, ज्वारी, शेंगा आणि पुष्कळ वारा. आमची शाळा सातवीपर्यंत होती. तिथे बक्षीस म्हणून भांडी द्यायची रीत होती. पहिल्याला पातेलं, दुसऱ्याला तांब्या, तिसऱ्याला पेला, आणि चौथ्याला उत्तेजनार्थ म्हणून वाटी. प्रत्येक भांड्यावर मुलाचं नाव आणि नंबर. प्रशस्तिपत्रक भिंतीवर लावलं तर वाळवी खाते, भांडं मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, असं आमचे मुख्याध्यापक पिसाळ गुरुजी म्हणायचे. शिवाय नावाचा उपयोग होता. गावात लग्न निघालं की घरोघरची भांडी गोळा व्हायची, आणि कार्य उरकलं की नाव वाचून ज्याची त्याच्या घरी परत जायची. एका मुलाची आई तर मला म्हणाली होती, "बाई, माझ्या पोराला सारखं चौथंच येऊ द्या बगा. पातेली रग्गड हैत, वाट्याच कमी पडत्यात."

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला शर्यत झाली. शाळेपासून माळावरच्या खंडोबापर्यंत धावत जायचं, देवळाला हात लावायचा आणि परत यायचं. सहावीतला जालिंदर चौथा आला. काटकुळा, लांब पायांचा, मोठमोठ्याने बोलणारा मुलगा. परत आला तो धापा टाकतच माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, चौथ्याला काय असतंय?"

"उत्तेजनार्थ बक्षीस."

"म्हंजे?"

"म्हणजे, तू चांगला पळालास, आता पुढच्या वर्षी याहून चांगला पळ, असं सांगणारं बक्षीस."

"हे सांगायला वाटी कशाला? तोंडानं सांगायचं की!" तो हसला. त्याची धाकटी बहीण शालन तिसरीत होती. ती त्याची टोपी आणि पाटी सांभाळत जवळच उभी होती. तिच्याकडे वळून तो म्हणाला, "शाले, वाटी तुला. मी फुडल्या वर्षी पातेलं आणतो. त्यात आये मटण शिजवंल, आन तू तुझ्या वाटीतनं रस्सा वरपायचा."

"मला नगं तुझी वाटी," शालन म्हणाली.

"मग रस्सा बी न्हाई!"

पंधरवड्यात जालिंदरला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग उतारा झाला, मग बैलगाडीतून फाट्यावर आणि तिथून साताऱ्याला नेलं. तिकडून त्याचं प्रेतच परत आलं, आणि त्या दिवशी आम्हाला शाळा मध्येच सोडून द्यावी लागली.

आमचा बक्षीस समारंभ सव्वीस जानेवारीला असायचा. पण भांड्यांवर नावं शर्यत झाल्याबरोबरच घालून घेतलेली असायची. भांड्यांची पेटी ऑफिसात आली, गुरुजींनी ती उघडली, आणि मला हाक मारली.

"बाई, बसा." त्यांनी ती वाटी टेबलावर माझ्यापुढे ठेवली. "ह्याचं काय करू? समारंभात नाव पुकारलं, तर त्या माउलीनं सगळ्या गावादेखत उठून यायचं? आणि न पुकारावं, तर पोरगं गेल्यावर महिन्यात मास्तर विसरले, असं होईल."

"दुकानदार परत घेणार नाही?"

"विचारलं. तो म्हणाला, गुरुजी, नाव घातलेलं भांडं मी कुणाला विकू?" गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "मलाच जायला पाहिजे. पण माझ्यानं त्या घरात पाऊल टाकवत नाही. दोन वेळा बोळापर्यंत जाऊन परत आलो."

"मी जाते," मी म्हणाले.

"जा. आणि जमलं तर धाकटीचं बघा. शालनचं. तेव्हापासून पोरगी शाळेत नाही. आई पाठवत नाही म्हणे."

म्हणून मी त्या दुपारी निघाले. मला खरं काम शालनचं वाटत होतं. वाटी हे नुसतं निमित्त होतं.

घर बोळाच्या आत होतं. दारापुढच्या सोप्यात शेंगांचा ढीग होता. बियाण्यासाठी शेंगा फोडायचं काम चाललं होतं. जालिंदरची आई तुळसावहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर शेजारच्या सरूकाकू होत्या, आणि ढिगाच्या पलीकडे शालन. तिघींची बोटं चालू होती. शेंग दाबली की टक्‌ असा आवाज व्हायचा. तेवढाच आवाज त्या घरात होता.

"बसा बाई," तुळसावहिनी म्हणाली. शालनने उठून घोंगडं अंथरलं आणि परत जागेवर जाऊन बसली.

मीही चार शेंगा हातात घेतल्या. रिकाम्या हातांनी बोलवत नव्हतं. थोडा वेळ गेल्यावर मी वाटी पदराआडून काढली आणि तुळसावहिनीच्या पुढे ठेवली.

"शाळेनं दिलीय. जालिंदरची आहे. शर्यतीची."

तिने वाटी उचलली. तिला वाचता येत नव्हतं. तिने अंगठा त्या टिंबांवरून सावकाश फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"काय लिवलंय गं?" तिने वाटी शालनपुढे धरली.

शालनने हात न लावता वाचलं. "जालिंदर निवृत्ती काळे. धावणे. उत्तेजनार्थ."

"त्ये शेवटचं काय?"

"उत्तेजनार्थ," शालन पुन्हा म्हणाली.

"म्हंजे काय वो बाई?"

मुलांनो, मला कुणी शब्दाचा अर्थ विचारला की माझं तोंड आपोआप उघडतं. आयुष्यभराची सवय आहे. त्या दिवशीही उघडलं. जालिंदरला सांगितलेला अर्थ अगदी जिभेवर आला होता. पुढच्या वर्षी याहून चांगला पळ. मी तोंड मिटलं.

सरूकाकूंनी माझ्याऐवजी उत्तर दिलं. त्या मनाने वाईट नव्हत्या. महिनाभर स्वतःच्या घरचं सोडून या घरात राबत होत्या.

"अगं, नंबर न्हाई आला तरी पोरगं हिरमुसू नये म्हणून देत्यात. उगी हाताला कायतरी. व्हय न्हवं, बाई?"

"तो चौथा आला होता," मी म्हणाले. "तीस मुलांत चौथा."

"चौथा," तुळसावहिनी म्हणाली. वाटी तिने मांडीत ठेवली आणि पुन्हा शेंगांना हात घातला.

मी शालनचा विषय काढला. म्हणाले, "वहिनी, शालनचा अभ्यास बुडतोय. हुशार आहे पोरगी. तिला पाठवा उद्यापासून."

"नगं बाई."

"का?"

"ती गेली की घर खायाला उठतंय."

"तिच्याशी बोलून जरा बरं वाटतं का?"

तुळसावहिनीने शालनकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे त्या दिशेला नजर नेली. "बोलत न्हाई आमी," ती म्हणाली. "कुणीतरी हलतंय घरात, येवढंच."

"तसं म्हणू नगंस, तुळसे," सरूकाकू म्हणाल्या. "देवानं वाईट केलं, पर अगदीच हात रिता न्हाई ठिवला. पोरगी तरी हाय मागं. तिच्या तोंडाकडं बगून दिस काढायचं."

टक्‌ टक्‌ करणाऱ्या आवाजांतला एक आवाज थांबला. शालनच्या बोटांत शेंग तशीच होती. मग ती तिने न फोडताच दाण्यांच्या ढिगात टाकली आणि दुसरी घेतली. सरूकाकूंनी ती दाण्यांतून वेचून काढली. "ध्यान कुठं हाय गं तुझं?"

मी आणखी थोडा वेळ बसले. काहीतरी बोलले असेन. माझ्या शब्दांनी काही होत नव्हतं, हे मला कळत होतं. शाळा भरायची वेळ जवळ आली तशी मी उठले. दुःखाच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, म्हणून नुसती उठले, पदर सारखा केला आणि बाहेर पडले.

बोळाच्या तोंडाशी एक जुनं जातं पडलेलं होतं. फुटलेलं, मुलं त्यावर बसायची. तिथपर्यंत आले तेव्हा मागून अनवाणी पावलं वाजली. शालन होती.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

ती जात्याच्या कडेला पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "काकी म्हणली त्ये खरं हाय का? नंबर न्हाई आला की देत्यात त्ये?"

"उत्तेजनार्थ? हो. तसं म्हणता येईल."

"ज्ये पायजे हुतं त्ये न्हाई गावलं, म्हणून दुसरं कायतरी हातात ठिवायचं."

"तसंही म्हणता येईल. पण..."

"मग बाई, मी बी उत्तेजनार्थच हाय न्हवं?"

मी खाली बसले, तिच्या उंचीची झाले. "कोण म्हणालं असं?"

"समदी." तिचा आवाज साधा होता, पाढे म्हणताना असतो तसा. "मामा आलं, ते म्हणलं, पोरगी तरी हाय. आत्या म्हणली, पोरगी तरी हाय. टपालवालं दादा सायकलवरनं उतरलं आन म्हणलं, पोरगी तरी हाय. म्हणायचं, माझ्याकडं बगायचं, आन मग रडायचं." मग ती म्हणाली, "दादा हुता तवा मी नुसती शालन हुते."

मी शिकलेली होते. मुलांना समजावून सांगणं हाच माझा धंदा होता. तिला कुशीत घ्यावं, तू पहिली आहेस असं म्हणावं, हे सगळं मनात येत होतं. पण ती रडत नव्हती. तिला कुशी नको होती. तिने प्रश्न विचारला होता आणि उत्तर पाहिजे होतं.

"तू अजून शालनच आहेस," मी म्हणाले. "त्यांना बोलायला दुसरं काही सुचत नाही, म्हणून ते तसं म्हणतात."

"आन आये?"

"आई तसं म्हणाली?"

शालन माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मी वळले. तुळसावहिनी चार पावलांवर उभी होती. कधीची आली होती कोण जाणे. तिच्या दोन्ही हातांत ती वाटी होती, आणि वाटीत काठोकाठ शेंगदाणे.

"बाई," ती माझ्याशी बोलू लागली, शालनचं काही ऐकलंच नाही अशी. "ही न्या परत. रिकामं भांडं कुणाला परत करू न्हाई, म्हणून दाणं घातल्यात. घ्या."

"वहिनी, ही तुमची आहे. नाव आहे तिच्यावर."

"म्हणूनच नगं. रोज राखेनं घासायची, आन रोज त्ये नाव बोटाला लागायचं. मला न्हाई जमायचं त्ये. दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला द्या."

मी हात पुढे केला नाही. तिने मागे घेतला नाही. वाटी आम्हा दोघींच्या मध्ये तशीच राहिली.

मग तुळसावहिनीच नजर न उचलता म्हणाली, "शाले, मी कवा म्हणले गं तसं?"

"न्हाई म्हणलीस."

"मग बाईला काय सांगत हुतीस?"

"मारुतीच्या देवळाभायेर, लांबनं म्हणलीस. दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिशी. मी तुझा पदर धरून हुते." शालन हळूच बोलत होती, आईला लागू नये अशी. "तू म्हणलीस, देवा, दोन लेकरं दिली हुतीस. त्यातलं ह्येच का नेलंस?"

बोळात वारा होता. वाळलेली पानं घरंगळत होती. तुळसावहिनीचा चेहरा हलला नाही, पण वाटीतले दोन-तीन दाणे खाली पडले.

"मी शुद्धीत न्हवते गं," ती म्हणाली.

"ठावं हाय मला."

"मला तुझं काय... मी तुला नगं म्हणले न्हाई."

"ठावं हाय."

"मग कशापायी मनात धरून बसलीस?"

"मी न्हाई धरलं. त्ये जातच न्हाई."

तुळसावहिनीने माझ्याकडे पाहिलं. महिनाभर तिच्या दारात पन्नास माणसं येऊन बसून गेली असतील. प्रत्येकजण तिला काहीतरी द्यायला आला होता. कुणी शब्द, कुणी भाकरी, कुणी नुसतं बसणं. पण तिच्याकडे काही मागायला कुणी आलं नव्हतं. सुतक लागलेल्या घरात कोण काय मागणार?

"बाई, न्या की हो ही," ती पुन्हा म्हणाली.

"ठिव आये ती," शालन म्हणाली. "कुणी उगी न्हाई दिली. दादा पळाला हुता. खंडोबापतूर समद्यांच्या म्होरं हुता, मी शाळंपासनं बगितलं. उतरताना पोटात दुखलं म्हणून मागं पडला. त्यानं मला सोडून कुणाला सांगितलं न्हाई. ती त्याची हाय. फळीवर ठिव. तू नगं घासूस, मी घाशीन."

पोटात दुखलं, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईलाही नव्हतं. तुळसावहिनीने वाटी छातीशी ओढली आणि मग ती रडली. महिनाभरात ती रडली नसेल असं नाही, पण हे रडणं निराळं होतं. आवाज नव्हता त्याला. ती उभ्या उभ्या नुसती हलत होती आणि वाटी घट्ट धरून होती.

शालन तिच्याजवळ गेली नाही. तिने मला विचारलं, "बाई, शाळा भरली का?"

"भरेल आता. घंटा व्हायचीय."

ती वळली आणि पळत घरात गेली. मला वाटलं, आता ती येत नाही. आतून सरूकाकूंचा आवाज आला, "अगं, कुठं? शेंगा कोण फोडणार?" तिचं उत्तर ऐकू आलं नाही. मग ती आली. खांद्याला कापडी पिशवी होती, तीत पाटी खळखळत होती. हातात फणी आणि लाल रिबीन. तेव्हा माझं तिच्या केसांकडे लक्ष गेलं. पार जटा झाल्या होत्या. तेराव्यानंतरही त्या घरात कुणाला कुणाचे केस विंचरायचं सुचलं नसावं.

मी म्हणणार होते, ये, मी घालते वेणी. हात पुढेही झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही.

ती आईपुढे गेली. दोन्ही हातांत वाटी धरून उभ्या असलेल्या आईकडे एकदा बघितलं, आणि मग पाठ फिरवून त्या फुटक्या जात्यावर बसली. फणी मांडीवर ठेवली. रिबीन मात्र खांद्यावरून मागे धरली, आईच्या बाजूला.

"आये, येणी घाल. शाळंला जायचंय."

शाळेची घंटा झाली. ती उठली नाही, मागे वळून बघितलं नाही. वाऱ्याने रिबीन फडफडत होती. तिचा हात भरून आला, कोपर खाली येऊ लागलं. तिने दुसऱ्या हाताने ते कोपर उचलून धरलं, आणि आईने वाटी खाली ठेवीपर्यंत ती तशीच बसून राहिली.